मळ कशाचा, अंग कशाचं?

लालबागच्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. आत जेमतेम एक गाडी मावायची, बाकीचं सगळं काम रस्त्याच्या कडेला. काळ १९९० च्या दशकातला. मुंबईत तेव्हा टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी आणि काळी-पिवळी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी. पद्मिनी हे नाव पडून वीसेक वर्षं झाली होती, तरी ड्रायव्हर मंडळी तिला फियाटच म्हणत.

मिस्त्री कणकवलीकडचे. त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं टॅक्सीवाली, आणि त्यांतले बरेचजण एकेकाळचे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येकांच्या हातून साचे सुटले ते सुटलेच. काहींनी भाजीची गाडी लावली, काही गावी परतले, काहींनी टॅक्सीचा बॅज काढला. दिवसभराच्या धंद्यातून पेट्रोल, हप्ता आणि घरखर्च वजा जाता गाडीच्या देखभालीसाठी फारसं काही उरायचं नाही. मिस्त्रींना हे ठाऊक होतं. म्हणून गाडी आली की ते आधी म्हणायचे, "घरात काय आहे ते बघू, मग दुकानात जाऊ."

गॅरेजमधली एक फळी पाहिली तर वाण्याचं दुकान वाटावं. खायच्या सोड्याची पुडी, व्हिनेगरची बाटली, रिठे, टाल्कम पावडरचा डबा, व्हॅसलिन, पेन्सिलींचे तुकडे, सिगारेटच्या पाकिटांतून काढलेली चांदी, जुनी वर्तमानपत्रं आणि खाली कोपऱ्यात रेशनच्या निळ्या रॉकेलचा डबा. समोरच्या भिंतीत मात्र एक छोटं फडताळ होतं. त्याला कुलूप. त्यात ब्रेक ऑइलचे बंद डबे, रबरांचे किट, एक स्वच्छ वाडगा आणि धुतलेली फडकी. त्या वाडग्याला आणि फडक्यांना दुसऱ्या कामात हात लावायचा नाही, असा दंडक होता.

या गॅरेजात माण तालुक्यातला एक मुलगा कामाला लागला. बारावीला एक विषय राहिला होता आणि गावाकडे पाऊस नव्हता. गॅरेजातला सगळ्यांत लहान म्हणून त्याचं नाव पडलं बारक्या.

पहिल्याच आठवड्यात एक टॅक्सी ढकलत आली. बॅटरीच्या टोकांवर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा जाड थर साचला होता. बारक्याने पाना उचलला आणि समोर दिसलं ते पॉझिटिव्ह टोक सोडायला गेला.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. लावताना उलटं. निगेटिव्ह सगळ्यांत शेवटी."

मग थरावर बोट न लावता त्यांनी तो नीट न्याहाळला आणि स्वतःशीच पुटपुटले, "मळ कशाचा, अंग कशाचं?"

बॅटरीची बुचं घट्ट आहेत याची त्यांनी खात्री केली. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवला आणि टोकांवर ओतला. थर फसफसून वर आला.

"हा ॲसिडचा मळ," ते म्हणाले. "सोडा ॲसिडला मारतो, म्हणून फेस येतो. फेस थांबला की समज, ॲसिड संपलं. पण तोच सोडा बुचातून आत गेला तर आतलं कामाचं ॲसिडही मरेल. म्हणून बुचं आधी बघायची."

जुन्या टूथब्रशने घासून, साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून त्यांनी तारा पुन्हा घट्ट बसवल्या आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला, म्हणजे हवा आणि ओल तिथे पोहोचत नाही. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. नवी बॅटरी घ्यावी लागणार या काळजीने आलेला ड्रायव्हर चहाचे पैसे देऊन गेला.

बारक्या भारावला. त्या रात्री त्याने शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : बॅटरी – खायचा सोडा, कोमट पाणी, व्हॅसलिन.

पुढच्या दोन वर्षांत ती वही भरत गेली. काच – टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मग वर्तमानपत्राने कोरडी पुसायची. पावसात वायपर चालत नसेल तर कापलेला बटाटा काचेवर चोळायचा. त्याच्या पिठूळ रसामुळे पाणी थेंब न धरता सपाट पसरतं आणि समोरचं दिसतं. बंपर – क्रोमवर गंजाचे ठिपके आले तर सिगारेटची चांदी पाण्यात भिजवून घासायची. कुलूप – चावी अडकत असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड. खोबरेल घालायचं नाही, त्यावर धूळ बसते आणि आत खळ होते. दरवाजा – कडेचं रबर चिकटत असेल, कुरकुरत असेल तर टाल्कम पावडर. तेल लावायचं नाही, रबर फुगतं. नटबोल्ट – ग्रीस आणि काळा चिकटा असेल तर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे. टप – रंगाला धुण्याचा साबण नको, रिठ्याचं पाणी बरं. कडक साबणाने पॉलिश निघून जातं.

प्रत्येक कामाआधी मिस्त्री तेच पुटपुटायचे : मळ कशाचा, अंग कशाचं? बारक्याला ती त्यांची सवय वाटायची. कुणी काम सुरू करताना देवाचं नाव घेतं, तसं काहीतरी. वहीत त्याने ते कधी लिहिलं नाही.

एकदा मिस्त्री बाहेर गेले असताना त्याने इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं एक झाकण धुवायला घेतलं. रॉकेलने निघालेला चिकटा अजून चमकवावा म्हणून त्याने गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि झाकण त्यात बुडवलं. थोड्या वेळाने काढलं तर ते काळंठिक्कर. मिस्त्री आले, त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत.

"तुझी आई ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने घासते का?"

"न्हाई. काळं पडतं म्हणते."

"मग?"

बारक्या गप्प. मिस्त्रींनी लिंबाच्या फोडीने झाकण घासून बरंचसं उजळवलं आणि कामाला लागले. रात्री बारक्याने वहीत आणखी एक ओळ लिहिली : इंजिनाचं झाकण – धुण्याचा सोडा नको. नियम नीट लिहून घेतला, म्हणजे धडा शिकलो, असं त्याला वाटलं.

आता ड्रायव्हर मंडळी थेट बारक्याला हाक मारू लागली होती. त्यांतलं सगळ्यांत लाघवी गिऱ्हाईक म्हणजे चाळीतच राहणारे एक दादा. संपाआधी गिरणीत होते, आता स्वतःची टॅक्सी चालवत. गाडी जुनी, पण रोज रात्री धंदा संपला की बादलीभर पाणी घेऊन तिच्याजवळ बसायचे. आतलं रेक्झिन ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, बंपर चांदीने घासायचे, दर पंधरवड्याला बॅटरीची टोकं बघायचे. नवीन ड्रायव्हरांना ते अभिमानाने सांगत, "हे सगळं बारक्याने शिकवलं. खर्च शून्य." वहिनी मधूनमधून बारक्याला जेवायला बोलवायच्या. परक्या शहरात त्या मुलाला घर मिळालं होतं.

त्या वर्षी गणपती जवळ आले तसे मिस्त्री गावी निघाले. कोकणातला माणूस चतुर्थीला मुंबईत थांबत नाही. एसटीचं तिकीट खिशात टाकताना ते बारक्याला म्हणाले, "बारीकसारीक कामं घे. ब्रेकचं काम आलं तर पलीकडच्या गल्लीत पाठव. फडताळाची चावी मी नेतोय."

मिस्त्री गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आले. गाडीच्या पुढच्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसत होता.

"पलीकडे न्या, दादा. मिस्त्रींनी सांगितलंय."

"गेलो होतो. किट, ऑइल, मजुरी मिळून त्याने सांगितलेले पैसे आत्ता नाहीत. उद्या गणपती बसतोय घरात. पोरीची फी भरलीय परवा. चार दिवस गाडी उभी ठेवली तर सणाला खायचं काय? तू काहीतरी कर. मिस्त्री आले की सगळं नवीन टाकू."

बारक्याने दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला वहिनींच्या हातची भाकरी आठवली. या घरासाठी आपण काहीच करू शकत नाही, हे त्याला सहन होईना. त्याने जॅक लावला.

ड्रम उतरवला. आतला व्हील सिलिंडर उघडला. पद्मिनीच्या चाकांना ड्रम ब्रेक. पायाने पॅडल दाबलं की ऑइलच्या दाबाने सिलिंडरमधले छोटे दट्टे बाहेर सरकतात, ते लायनर ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. दट्ट्यांच्या मागे रबराचे दोन छोटे कप असतात. ऑइल अडवून धरायचं काम त्यांचं. बारक्याने पाहिलं, कपांवर काळपट गाळ बसला होता, सिलिंडरच्या भिंतीला चिकटा धरला होता. कप फाटलेले नव्हते. मळामुळे नीट बसत नसतील, असं त्याला वाटलं. आणि मळ काढण्यात तर तो तरबेज होता.

त्याने वही उघडली. काळा चिकटा – रॉकेल. त्याने कप रॉकेलच्या वाटीत टाकले आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा कप लखलखीत झाले होते. सिलिंडरही रॉकेलने धुतला. आत सरकायला सोपं जावं म्हणून शेजारच्या शिंप्याकडून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि कपांना, सिलिंडरला आतून सढळ हाताने तेल लावलं. सगळं बसवलं. दादांकडे डब्यात थोडं ब्रेक ऑइल होतं, ते घातलं, हवा काढली. पॅडल घट्ट लागलं. गळती थांबली. दादांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी आरतीला यायचं आमंत्रण दिलं.

दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी गाडी जड चालू लागली. दादांना वाटलं, भाडी जास्त, रस्त्यात खड्डे. दुपारी एक आजी आणि त्यांची शाळकरी नात मागच्या सीटवर बसल्या. वाळकेश्वरहून गिरगावला जायचं होतं. तीन बत्तीवरून चौपाटीकडे गाडी उताराला लागली आणि पुढच्या चाकातून जळका वास येऊ लागला. दादांनी ब्रेकवर पाय ठेवला. पॅडल मऊ लागलं. पुन्हा दाबलं, तर थेट तळाला टेकलं.

दादांचं वय आणि अनुभव त्या क्षणी कामी आला. त्यांनी गिअर खाली टाकत इंजिनाने वेग तोडला आणि हँडब्रेक ओढत नेला. हँडब्रेक तारेने चालतो, त्याला ऑइल लागत नाही. मग पुढचं चाक फूटपाथच्या दगडाला घासत घासत गाडी थांबवली. आजींच्या कपाळाला किंचित खोक पडली. नात रडत होती. कुणाचा जीव गेला नाही. पुढे दहा पावलांवर शाळा सुटलेली मुलं रस्ता ओलांडत होती.

मिस्त्री पाचव्या दिवशी परतले. सगळं त्यांच्या कानावर आधीच आलं होतं. बारक्या कोपऱ्यात बसून होता. त्याने आपलं सामान पिशवीत भरून ठेवलं होतं. दादाही तिथेच उभे होते.

मिस्त्रींनी सिलिंडर उघडला. रबराचा कप बोटांनी ओढून काढावा लागला. तो फुगून मऊ पडला होता, त्याची कड फाटली होती. त्यांनी फडताळ उघडलं, नव्या किटमधले अगदी सारखे दोन कप काढले आणि दोन वाट्या मांडल्या. एकीत निळं रॉकेल ओतलं, दुसरीत ब्रेक ऑइल. दोन्हींत एकेक कप टाकला आणि झाकून ठेवलं.

"उद्या सकाळी बोलू," ते म्हणाले. "पिशवी ठेव खाली."

सकाळी मिस्त्रींनी दोन्ही कप फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. ब्रेक ऑइलमधला जसा होता तसाच, टणक, नेमका. रॉकेलमधला ठळकपणे मोठा झाला होता, हाताला बुळबुळीत लागत होता.

"रबर कुणाला घाबरतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तेलाला. रॉकेलला."

"हे तुला आज कळलं?"

बारक्याने वहीची पानं उलटली. एका पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : दरवाजा – तेल लावायचं नाही, रबर फुगतं. तो किती तरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला.

"म्हंजे मला ठावं होतं," तो शेवटी म्हणाला. "पण मी ते दरवाज्याच्या पानावर लिवलं हुतं."

"तेच," मिस्त्री म्हणाले. "दोन वर्षं तू मला रोज विचारताना ऐकलंस : मळ कशाचा, अंग कशाचं? तुला वाटलं म्हातारा बडबडतो. अरे, माझी सगळी विद्या त्या दोन प्रश्नांत आहे. सोडा बॅटरीचा नव्हे, ॲसिडचा वैरी. व्हिनेगर काचेचं नव्हे, पाण्यातल्या क्षाराचं औषध. रॉकेल ग्रीस विरघळवतं, पण ग्रीस ज्या अंगावर आहे ते धातूचं असेल तरच रॉकेल तुझा मित्र. अंग रबराचं असेल तर तेच रॉकेल मळाबरोबर अंगही खातं. आजीच्या बटव्यातली हळद जखमेवर लावतात, म्हणून कुणी डोळ्यात घालतं का?"

मग त्यांनी ब्रेक ऑइलचा डबा पुढे ओढला. "हे इंजिन ऑइलसारखं जमिनीतल्या तेलाचं नाही. ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. रबराला ते सोसतं, म्हणून ब्रेकची रबरं धुवायची तर ह्यातच. पण हे हवेतली ओल शोषतं, म्हणून डबा बंद. ओल शिरलेलं ऑइल उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरतं, आणि वाफ दाबली जाते, मग पॅडल खाली जातं. हे गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. फडकं वेगळं का, वाडगा वेगळा का, कुलूप का, हे सगळं यासाठी."

ते थोडं थांबले. "हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. मी नुसतं कुलूप लावलं. कुलपाने हात अडतो, समज वाढत नाही."

बारक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादांना मदत करायची हुती. दुसरं काय न्हवतं मनात."

तेव्हा इतका वेळ गप्प असलेले दादा बोलले. "मला माहीत आहे. चूक माझीही आहे. मिस्त्रींनी सांगितलेलं असताना मीच तुला गळ घातली. पण त्या उतारावर मला एक कळलं, बारक्या. बंपर घासताना तू चुकलास तर डाग राहील, तो मी रोज बघेन आणि सोसेन. ब्रेकमध्ये तू चुकलास तर भोगणार ती मागे बसलेली पोर. तिने काय काटकसर केली होती? पैसे माझे वाचले आणि धोका तिच्या गळ्यात पडला. मिस्त्री, तुमच्या दोन प्रश्नांत हा तिसरा घाला : चुकलं तर भोगणार कोण?"

मिस्त्रींनी दादांकडे पाहिलं आणि मान डोलावली. इतकी वर्षं त्यांनी फडताळ वेगळं ठेवलं होतं, पण ते वेगळं का, याचं सगळ्यांत नेमकं उत्तर त्यांना आज गिऱ्हाइकाकडून मिळालं होतं.

त्या दिवशी दादांच्या टॅक्सीची कामं सुरू झाली. एका चाकात शिरलेलं तेल ऑइलबरोबर नळ्यांतून कुठवर गेलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलली. जुनं ऑइल काढून नळ्या ताज्या ब्रेक ऑइलने धुतल्या. जळलेले लायनर नवीन टाकले. खर्चाचे तीन वाटे झाले : एक मिस्त्रींचा, एक दादांचा, एक बारक्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने. वाचवायला गेलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम गेली. बारक्या आणि दादा दोघे मिळून त्या आजींच्या घरी गेले, त्यांच्या पाया पडले.

मग बारक्याने दुसरी वही घेतली. जुन्या वहीत मथळे होते बॅटरी, काच, बंपर, दरवाजा. नव्या वहीत त्याने मथळे घातले लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोम, काच, रबर, रंग. प्रत्येकाखाली : ह्याला काय सोसतं, काय सोसत नाही, आणि का. लिहिता लिहिता त्याला दिसलं की जुन्या वहीतले निम्मे नियम आपोआप एकमेकांत मिळून गेले. पातेलं काळं पडणं आणि झाकण काळं पडणं ही एकच गोष्ट होती. दरवाज्याचं रबर आणि ब्रेकचं रबर सख्खी भावंडं होती. वही पातळ झाली आणि तिच्यात न लिहिलेल्या गोष्टींचीही उत्तरं देता येऊ लागली.

वर्षं गेली. मिस्त्री थकून गावी गेले. बारक्याचं स्वतःचं गॅरेज झालं. पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी मुंबईच्या टॅक्सींमधून कायमची गेली. बारक्याच्या दारात आता नव्या गाड्या येऊ लागल्या. त्यांतले कितीतरी भाग जुन्या वहीत नव्हते. पण तीन प्रश्न होते.

एकदा एक तरुण गाडी घेऊन आला. पुढचे दिवे पिवळट, धुरकट झाले होते. त्याच्या हातात टूथपेस्ट होती.

"काका, ह्याने घासलं की दिवे नव्यासारखे होतात म्हणे. खरं का?"

बारक्याने त्याला नाही म्हटलं नाही. त्याने दिव्यावर बोट फिरवलं. "मळ कशाचा? हा वरून बसलेला मळ नाही, उन्हाने जळलेली साल आहे. अंग कशाचं? पूर्वीच्या दिव्यांना काच होती, हे पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. कारखान्यात त्याच्यावर उन्हापासून राखणारा पातळ लेप देतात, तो उडाला की असं होतं. पेस्टमध्ये बारीक खर असते, ती जळलेली साल घासून काढेल. दिवा उजळेल. पण राखणारा लेप पेस्ट देणार नाही, म्हणून काही महिन्यांत पुन्हा पिवळा पडेल. कुठे लग्नाला जायचं असेल तर खुशाल घास, जेल नको, पांढरी पेस्ट घे, कडेच्या रंगाला चिकटपट्टी लाव. कायमचं हवं असेल तर पॉलिश करून वर उन्हापासून राखणारा लेप मारावा लागेल."

"आणि चुकलं तर?"

"रात्री उजेड कमी पडला तर समोरच्याला तू आणि तुला समोरचा दिसणार नाही. म्हणून घासूनही उजेड पुरेसा नसेल, आतून तडे गेले असतील, तर काटकसर करायची नाही. दिवा बदलायचा."

तरुणाने तेवढ्यात दुसरी गोष्ट विचारली. ब्रेक मारताना चाकातून किंचाळल्यासारखा आवाज येतो; घरी दरवाज्यांच्या बिजागऱ्यांना मारायचा तेलाचा फवारा आहे, तो थोडा मारू का?

बारक्या उठला. फळीवरून त्याने दोन वाट्या काढल्या. गॅरेजात शिकायला आलेल्या दोन्ही मुलांनाही हाक मारली. एका वाटीत रॉकेल, दुसरीत ब्रेक ऑइल, दोन्हींत रबराचा एकेक कप.

"रबराचं काय होतं ते उद्या येऊन बघ," तो तरुणाला म्हणाला. "आणि पॅडला तेल लागलं तर ते चाक धरायचंच सोडतं. आवाज बंद होईल, पण त्याच्याबरोबर ब्रेकही बंद होईल. तोवर गाडी इथेच राहू दे. पॅड मी तपासतो. झिजले असतील तर बदलू, नुसती धूळ असेल तर साफ करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही."

मग तो मुलांकडे वळला. "आता तुम्ही सांगा. मळ कशाचा, अंग कशाचं, आणि चुकलं तर भोगणार कोण? ह्या तीन उत्तरांशिवाय माझ्या गॅरेजात कुणी फडक्यालाही हात लावायचा नाही. उत्तर येत नसेल तर विचारा. दहादा विचारा. विचारण्याने काम उशिरा होतं, बिघडत नाही."

तात्पर्य : घरातली स्वस्त वस्तू कमी प्रतीची नसते आणि दुकानातली महाग वस्तू शहाणी नसते. शहाणपण वापरणाऱ्याच्या समजुतीत असतं. उपाय पाठ करणाऱ्याला तेवढाच उपाय येतो. उपायाचं कारण जाणणाऱ्याला न पाहिलेल्या गोष्टीही सोडवता येतात. काटकसर हा सद्गुण आहे, पण तिची किंमत आपण स्वतः मोजायला तयार असू तिथवरच. जिथे आपल्या बचतीचा धोका दुसऱ्याच्या जिवावर पडतो, तिथे हात आवरावा आणि खर्च करावा. चांगलं मन माणसाला मदतीला धावायला लावतं. ती मदत खरोखर मदत व्हायची असेल तर त्या मनाला ज्ञानाची जोड द्यावी लागते.